कातडं, हाड आणि काच

आपल्या घराघरात बाबासाहेबांचा फोटो आहे. बुद्धाचा आहे. पणजोबाचा नाही. वाड्यात जा. ओसरीवर चार पिढ्या ओळीनं टांगलेल्या. पागोटं, उपरणं, हातात काठी, मागं पडद्यावर रंगवलेला महाल. आपली भिंत बाबासाहेबांपासून सुरू होते, ते बरोबरच आहे म्हणा. पण त्यांच्या आधी जी माणसं या मातीत राबली त्यांना काय तोंडं नव्हती? या प्रश्नावर मी पुष्कळ भाषणं ऐकली. भाषणात उत्तर मिळेना म्हणून यंत्रात शोधलं. यंत्राशी माझं जमतं. धरणगावात जिनिंगमध्ये रेच्यावर असतो, रोलर घासला की आवाजावरून कळतं. शाळा दहावीला सुटली. बाकी जे काय शिकलो ते खोलून, जोडून आणि रद्दीतलं वाचून.

तर दोस्तहो, हे एका यंत्राबद्दल आहे. घडीचा प्लेट कॅमेरा. काचेवर फोटो घेणारा.

गावातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला. नातवाला मोबाईलच्या दुकानासाठी गाळा रिकामा पाहिजे होता. आतला मोठा लाकडी कॅमेरा केरळातल्या आलप्पुळाचा, वागीश्वरी कंपनीचा. तो एका हॉटेलवाल्यानं शोभेसाठी नेला. उरलं ते भंगाराच्या हातगाडीवर. त्यात हा डबा, पत्र्याचे सहा स्लाइड आणि खाचा पाडलेली एक लाकडी पेटी, काचांनी भरलेली. भंगारवाला म्हणाला, काच कशाला घेतो, वजन होतं आणि भाव नाही. दोन दिवसांची हजेरी त्याच्या हातावर ठेवली आणि सगळं उचललं. घरी बायकोनं काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

बंद असताना हा कॅमेरा जाड पोथीएवढा दिसतो. वरून काळं कातडं. एक बटण दाबलं की पुढचं झाकण खाली पडतं आणि त्या झाकणाचाच पाट होतो. पाटावर रूळ. आतलं भिंग दोन बाजूंनी चिमटीत धरायचं आणि रुळांवर पुढं ओढायचं. मागोमाग भाता उलगडत येतो, लोहाराचा असतो तसाच, फक्त चौकोनी आणि घड्यांचा. एका ठरल्या जागी भिंग अडतं. तिथं लांबचं सगळं स्पष्ट दिसतं. जवळचं हवं तर बाजूची चकती फिरवायची. दातेरी पट्टीवर पाट पुढं सरकतो. माझं भिंग साडेतेरा सेंटिमीटरचं आहे. भाता ताणून सत्तावीस केला की समोरची वस्तू काचेवर जेवढ्यास तेवढी उतरते. बोराएवढं बोर, चिंचोक्याएवढा चिंचोका. याला दुहेरी भाता म्हणतात आणि तो असलेला कॅमेरा महाग असे.

कातड्यावर छाप आहे: इका, ड्रेस्डेन. भिंगावर: टेसार ४.५. टेसार हे पॉल रुडॉल्फ नावाच्या माणसानं झाइस कारखान्यात १९०२ साली काढलं. फक्त चार काचा. पण रेघ अशी तीक्ष्ण देतं की पुढं अर्ध्या जगानं त्याची नक्कल केली. भिंगाभोवती कॉम्पूर शटर. हे म्युनिकच्या डेकेलचं, १९१२चं. एका सेकंदापासून सेकंदाच्या दोनशेव्या भागापर्यंत. आत घड्याळासारखी चाकं आहेत. कान लावला तर एका सेकंदाला बारीक कर्रर्र ऐकू येतं. आणि इका हा कारखाना १९२६ साली दुसऱ्या जर्मन कारखान्यांत मिसळून झाइस आयकॉन झाला. म्हणजे माझा डबा १९१२ नंतरचा आणि १९२६च्या आगेमागेचा. शंभरी गाठलेलं यंत्र, आणि एक थेंब तेल न घालता चालतंय. आमच्या जिनिंगमधलं नवं यंत्र दोन सीझन धड चालत नाही.

मागच्या बाजूला दुधी काच असते. डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि तिच्यात बघायचं. तिथं जग उलटं दिसतं. डोकं खाली, पाय वर, डावं ते उजवं. पहिल्यांदा मी आमची वस्ती अशी पाहिली तेव्हा पाण्याची टाकी आभाळातून लोंबकळत होती. चित्र बसलं की दुधी काच काढायची, तिच्या जागी पत्र्याचा स्लाइड सरकवायचा, पत्र्याचं झाकण ओढायचं, शटर सोडायचं, झाकण परत लावायचं. झाला एक फोटो. एका स्लाइडमध्ये एक काच. सहा स्लाइड म्हणजे सहा फोटो. सातवा पाहिजे तर अंधाऱ्या खोलीत जाऊन नवी काच भरायची. आता कळलं पणजोबाचा फोटो का नाही ते? काचेला पैसे पडत. फोटोवाला बटण दाबायच्या आधी समोर कोण उभा आहे ते बघून घ्यायचा.

आणखी एक सोय सांगतो, पुढं लागणार आहे. भिंगाची पाटी वर सरकवता येते. उंच इमारतीचा फोटो काढताना कॅमेरा मान वर करून धरला तर भिंती वर निमुळत्या होत जातात, इमारत मागं कलंडल्यासारखी वाटते. म्हणून कॅमेरा सरळच ठेवायचा आणि नुसतं भिंग वर चढवायचं. माडी, कळस, सज्जा आत येतो, भिंती सरळ राहतात. खालची जमीन तेवढी कापली जाते. वर चढवायला स्क्रू आहे, मोजायला खुणा आहेत. माझ्या कॅमेऱ्यात खाली उतरवायची सोय फार थोडी. माड्यांसाठी केलेलं यंत्र, झोपडीसाठी नाही.

आता कातड्याकडे येतो.

भात्यात मोबाईलची बॅटरी घालून अंधारात पाहिलं तर घडीच्या प्रत्येक कोपऱ्यावर चांदणी. भोकंच भोकं. उजेड शिरला की काच काळी. मी आमच्याकडच्या एका चर्मकार मामाकडे गेलो. मामांनी भाता बोटांत चुरून पाहिला, वास घेतला.

"हाई बकरीनं कातडं शे. जर्मनीमा बी चांभार व्हतात का रे भो?"

मी म्हटलं, असतीलच ना मामा, त्याशिवाय हे झालं कसं. मामांनी रापीनं कोकराचं कातडं इतकं पातळ तासलं की त्यातून बोट दिसावं. सोळा तुकडे कापून आतून चिकटवले, घडी मोडू दिली नाही. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, आधी मना फोटो काढ. काढला.

पण खरी गंमत काचेवरच्या थरात आहे. काचेवर चांदीचे क्षार असतात, उजेड लागला की ते बदलतात. ते क्षार काचेला धरून राहावेत म्हणून काहीतरी चिकट लागतं. आधी त्यासाठी कलोडिअन वापरत. ते कशाचं? कापसाचं. रुईवर आम्लांची प्रक्रिया करायची, मग ती इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवायची. १८५१ साली आर्चर नावाच्या इंग्रजानं ही रीत काढली. काच ओली असतानाच फोटो घ्यावा लागे, म्हणून तंबू, बाटल्या, हमाल असा सगळा लवाजमा साहेबाबरोबर फिरे. १८५७च्या बंडानंतर या देशातल्या जातीजमातींचे फोटो सरकारनं जमा केले आणि १८६८ ते १८७५ या काळात 'पीपल ऑफ इंडिया' म्हणून आठ खंड छापले. त्यात माणूस असा नाहीच. जात उभी आहे. खाली जातीचं नाव, तिच्या स्वभावाचं वर्णन. जनावराच्या बाजारात दात बघून लिहितात तसं.

मग १८७१ साली मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरनं कलोडिअनऐवजी जिलेटीन सुचवलं. त्यातून कोरडी काच निघाली, आठ दिवसांनी धुतली तरी चालणारी. तिच्यामुळे लवाजमा गेला आणि कॅमेरा घडी होऊन बगलेत मावला. आणि जिलेटीन म्हणजे काय? मेलेल्या ढोराचं कातडं आणि हाडं. चुन्यात भिजवायची, उकळायची, रस काढायचा.

हे मी रात्रपाळीत वाचलं आणि एकटाच हसत सुटलो.

माझ्या पणजोबानं गावची मेलेली ढोरं ओढली. त्या कामाचा मोबदला म्हणून हाडकी-हाडोळ्याची जमीन, आणि त्या कामाचा विटाळ म्हणून सावली लांब धरायची. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं ढोर ओढू नका, मृतमांस खाऊ नका. वतनं कायद्यानं गेली ती १९५८च्या कायद्यानं. आणि एवढा सगळा काळ वाड्याच्या देवघराशेजारी आजोबांचा जो फोटो लटकत होता, त्याची काच हाडाच्या रसाची, त्याच्या कागदावरचा थर हाडाच्या रसाचा, आणि ज्या भात्यातून उजेड आला तो भाता कातड्याचा. सोवळ्यातले आजोबा ढोराच्या हाडात उतरून अमर झाले. कुणी गोमूत्र शिंपडलं नाही. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातून हाडं जहाजानं बाहेर जात, हे खरं. त्यातलं एखादं आमच्या हाडोळ्यातलं होतं असं मी म्हणत नाही. तसं म्हणायची गरजही नाही.

अजून एक. १९२५च्या सुमारास कोडॅकच्या शेपर्ड या शास्त्रज्ञानं शोधलं की काही जिलेटीन उजेड जास्त पकडतं, काही कमी, आणि फरक पडतो गंधकाच्या अंशामुळे. तो येतो ढोरांनी खाल्लेल्या चाऱ्यातून, मोहरीसारख्या झाडांतून. ढोर काय चरलं यावर फोटो कसा येतो ते ठरतं. हे माझ्या पणजोबाला कळतं तर त्याला नवल वाटलं नसतं. कुठल्या रानात चरलेल्या ढोराचं कातडं कसं निघतं हे त्याला ठाऊक होतं, असं आजी सांगते.

आता ती पेटी.

पेटीत बेचाळीस काचा. सव्वातीन बाय सव्वाचार इंच, याला क्वार्टर प्लेट म्हणायचे. बहुतेक वाड्यातल्या. कडेला सुईनं उलटी अक्षरं कोरलेली. एकीवर १९३६. लग्न. वाड्याच्या ओट्यावर खुर्च्या, मधे नवरदेव, मागं माडीचा कोरीव सज्जा. भिंती सरळ, खांब सरळ, म्हणजे फोटोवाल्यानं भिंग वर चढवलं होतं. काचेच्या डाव्या कडेला बोटभर रुंद काळ्या कागदाची पट्टी, गुळगुळीत बाजूनं चिकटवलेली. फोटो छापताना एवढा भाग येऊ नये म्हणून अशी पट्टी लावतात. मी कापूस ओला केला, पट्टी भिजवली, हळूहळू सोडवली. खाली माणूस होता.

धरणगाव म्हटलं की लोक बालकवी म्हणतात. इथं जन्मले, १८९० साली. फुलं, निर्झर, संध्याकाळ. चांगले कवी होते, मी वाचलेत. पण त्या दिवशी मला या गावाची जी कविता सापडली ती बोटभर रुंद होती.

काच तशीच आजीच्या हातात दिली. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं. आजी म्हणाली, "हाऊ कोन गोरा सायेब शे?" मग मी मोबाईलच्या पांढऱ्या पडद्यावर काच ठेवली, दुसऱ्या मोबाईलनं फोटो घेतला, रंग उलटे केले. आजीनं मोबाईल डोळ्यापाशी नेला. बराच वेळ काही बोलली नाही.

"मना सासरा शे हाऊ. त्याना कान देख."

कानाची पाळी फाटलेली. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगुरकाठी. घड्याळजीचं भिंग लावून मी घुंगरं मोजली. सात. ही टेसारची करामत. गर्दी मागं सारायला त्याला पुढं उभं केलं असणार, ओट्याखाली, कॅमेऱ्याच्या जवळ. जो जवळ तो मोठा दिसतो, हा भिंगाचा नियम आहे, त्याला जात कळत नाही. म्हणून साऱ्या लग्नात सगळ्यात मोठा माझा पणजोबा आला. म्हणून पट्टी.

पण नडगीच्या खाली तो नाही. माडी आत यावी म्हणून भिंग वर गेलं, आणि जमीन कापली गेली. ओट्यावरच्यांचे जोडे दिसतात, अगदी नाडीसकट. ओट्यावर चढायची ज्याला मुभा नव्हती त्याचे पाय काचेतही नाहीत. पायात काही होतं की अनवाणी, हे मी भिंगानं शोधत राहिलो. जे काचेवर पडलंच नाही ते कुठलं भिंग दाखवणार? आजी म्हणते वाड्यापुढं वहाणा हातात घ्याव्या लागत. त्याच्या एका हातात काठी आहे. दुसरा हात घोंगडीच्या आत आहे.

काळ्या कापडाखाली फोटोवाल्याला हा माणूस सगळ्यात वर दिसला असणार, आभाळाच्या जागी. उलटं दिसलं म्हणून गावात काही उलटलं नाही. पण साल बघा. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्म सोडायची घोषणा केली. काच त्याच्या पुढच्या वर्षाची. तो माणूस आडव्या कड्यासारखा उभा आहे आणि थेट भिंगात बघतोय. बाकी सगळे थोडे बाजूला बघतायत, फोटोवाल्यानं सांगितल्याप्रमाणे. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

काच उजेडात तिरकी धरली तेव्हा आणखी कळलं. थराच्या बाजूनं नवरदेवाच्या गालावर शिशाच्या पेन्सिलीच्या बारीक रेघा. तेव्हाच्या पुष्कळ काचांना तांबडा रंग दिसत नसे. तांबूस, सावळं कातडं असेल त्याहून काळं उतरे. मग निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायची. निगेटिव्हवर जिथं गडद, तिथं कागदावर गोरं. ओट्यावरचे सगळे असे गोरे करून घेतलेत. पट्टीखालच्या तोंडाला कुणी हात लावला नाही. पैसे कोण देणार? त्यामुळे त्या काचेवर चांदीनं जसा टिपला तसा उरलेला चेहरा एकच आहे.

मी आता या कॅमेऱ्यानं फोटो काढतो. काचा मिळत नाहीत, म्हणून एक्स-रेची फिल्म कापून घालतो, मागं पुठ्ठा. लाल दिव्यात धुता येते, कारण तिलाही लाल दिसत नाही. चौदा एप्रिलची मिरवणूक तिच्यावर घेतली तर भगवं जवळजवळ काळं आणि आपला निळा झेंडा पांढराफट आला. पोरं चिडली. म्हटलं चिडू नका, ही फिल्म निळ्याला जरा जास्तच भुलते. जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोंत आपला निळा आपल्यालाच ओळखून घ्यावा लागतो. १९३४च्या फेब्रुवारीतला राजगृहातला तो कुटुंबाचा फोटो आठवा. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि टॉबी कुत्रा. रमाई पुढच्याच वर्षी मे महिन्यात गेल्या. त्यांच्या लुगड्याचा रंग कोणता होता, हे आम्ही घरात आजही भांडून ठरवतो.

आणि सगळंच काही काचेवर नसतं. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी बाबासाहेबांचा टांगा हाकायला नकार दिला. आपल्याच माणसानं लगाम धरला. त्याला सवय नव्हती. मोरीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडावर आदळले, पाय मोडला, घोडा टांग्यासकट नदीत गेला. चाळीसगाव आमच्या जिल्ह्यातलं. तेव्हा टेसार होतं, कॉम्पूर होतं, माझा हा डबासुद्धा कुठंतरी तयार होऊन पडला होता. त्या मोरीचा फोटो आपल्या भिंतीवर नाही. बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला माहीत आहे.

काचेची बातमी गावात फिरली. वाड्याचा नातू आला. शिकलेला आहे, गोड बोलतो. म्हणाला, "काच आमच्या आजोबांची, तू काय घेतो ते सांग." मी म्हटलं, पैसे देऊन भंगारातून घेतलीय, आता आमच्याही आजोबांची आहे. कागदावर छाप काढून देतो, फुकट. त्याला बरं वाटलं. जाताना दारात थांबून म्हणाला, "ती पट्टी होती ना, ती लावूनच काढ. घरात लावायचाय." मी म्हटलं, पूर्ण घेणार असाल तर उद्या या. मुंबईहून कागदाचं पाकीट मागवलं, काच आणि कागद छातीला छाती लावून ठेवले, दोन छाप काढले. एक आजीच्या उशाशी आहे. दुसरा लिफाफ्यात घालून ठेवलाय, वर वाड्याचं नाव लिहून. अजून कुणी न्यायला आलेलं नाही.

तुमच्या गावात जुना स्टुडिओ बंद होत असेल तर भंगारवाल्याच्या आधी पोचा. गाळ्याच्या माळ्यावर बघा, पेट्या तिथं असतात. काच कडेनं धरा. चकचकीत बाजू नुसती काच आहे, ओल्या कापसानं पुसली तरी चालेल. मंद दिसणाऱ्या बाजूला थर आहे, तिला पाणी लावू नका, जिलेटीन फुगून सुटतं. चळत करू नका, उभ्या ठेवा, मधे कागद घाला. आणि कडेला काळी पट्टी दिसली तर आधी तीच बघा.

माझ्या पेटीत आणखी तीन काचांवर पट्ट्या आहेत. कापसाची आवक जोरात आहे, बारा बारा तास रेचा चालतोय. सीझन उतरला की भिजवीन.